पाच पूर्णांक एक तृतीयांश

खेळांच्या नोंदी ठेवणारी मंडळी आम्हां शिक्षकांहूनही काटेकोर असतात, असे आमचे मत आहे. आम्ही वर्षाअखेरीस प्रगतिपुस्तकात गुणांचे आकडे लिहितो. परंतु त्याखाली 'वर्तन समाधानकारक' किंवा 'अधिक परिश्रमांची आवश्यकता' असा एखादा शेरा तरी लिहितोच. अमेरिकेतील बेसबॉल या खेळाच्या नोंदवहीत तेवढीही सोय नाही. तेथे प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे केवळ आकडे आहेत. कोणाच्या नावापुढे वीस-वीस वर्षांच्या वीस ओळी, तर कोणाच्या नावापुढे एकच. बर्ट शेपर्ड नावाच्या एका पिचरच्या वाट्यास अशी एकच ओळ आली आहे. साल १९४५, संघ वॉशिंग्टन, सामने एक, डाव पाच पूर्णांक एक तृतीयांश, दिलेली धाव एक. पुढे काही नाही.

या एका ओळीने गेले वर्षभर आमचा पिच्छा पुरवला आहे. वास्तविक बेसबॉलशी आमचा संबंध कोणता? शाळेच्या क्रिकेट सामन्यांत पंचाचा पांढरा कोट अंगावर चढवून उन्हात उभे राहण्यापलीकडे आमची क्रीडाविद्या जात नाही. परंतु नववीच्या वर्गास दुसरे महायुद्ध शिकवायचे म्हणून युद्धकैद्यांविषयी वाचत असता हे नाव आढळले, आणि मग वर्गातील धडा बाजूस राहून आम्ही या माणसाच्याच मागे लागलो. यंदा वार्षिकासाठी काही लिहून द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा दुसरा विषय सुचेना.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाहीतर पुढील हकीकत आमच्या क्रिकेटभक्त वाचकांस कळावयाची नाही. बेसबॉलमध्येही एकजण चेंडू टाकतो व दुसरा तो दांड्याने मारतो. परंतु चेंडूचा टप्पा पडत नाही, तो सरळ हवेतून जातो. चेंडू टाकणारा तो पिचर. आमचा गोलंदाज दूरवरून धावत येतो; पिचर मातीच्या लहानशा उंचवट्यावर जागच्या जागी उभा राहतो, एक पाय उचलतो, आणि संपूर्ण देह पुढे झोकून साठ फूट सहा इंचांवरील लक्ष्याकडे चेंडू सोडतो. मैदानावर चार बेस असतात. मारणाऱ्याने त्यांची फेरी पुरी केली म्हणजे एक धाव. तीन गडी बाद झाले की त्या पक्षाचा डाव संपतो, आणि असे प्रत्येकी नऊ डाव मिळून सामना होतो. म्हणून एक गडी बाद करणे म्हणजे एक तृतीयांश डाव. शेपर्डच्या ओळीतील तो चमत्कारिक अपूर्णांक येथून आला आहे.

आता ही पायांची गोष्ट ध्यानात ठेवावी. शेपर्ड डावखुरा होता. डावखुरा पिचर डाव्या पायाने जमीन रेटतो आणि चेंडू हातातून सुटताच त्याचा सारा भार उजव्या पायावर येऊन आदळतो. शेपर्डचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली अकरा इंचांवर तोडलेला होता. ज्या पायावर पडायचे तोच पाय लाकडाचा.

याचा अर्थ काय, हे आम्हांस पुस्तकातून समजले नाही. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, ज्याने लहानपणी एका अपघातात पाय गमावला व जो कृत्रिम पाय लावून शाळेस येतो. वर्गात ही हकीकत सांगताना आम्ही म्हणालो, "त्याला धावणे फार कठीण गेले असेल." तो मुलगा सहसा आपणहून बोलत नाही, पण त्या दिवशी उठून म्हणाला, "सर, धावणं नाही. जिना उतरणं कठीण. खऱ्या पायाला जमीन लागली की कळतं. ह्या पायाला कळत नाही. जमीन आली का नाही ते गुडघ्यावरून ओळखावं लागतं." पिचरचा तो उंचवटा दहा इंच, बारा इंच, त्या सुमाराचा असतो. म्हणजे शेपर्ड प्रत्येक चेंडूगणिक एक जिना उतरत होता, आणि तोही सगळ्या बळानिशी उडी घेऊन.

त्याचा जन्म २८ जून १९२० रोजी इंडियाना प्रांतातील डेना या लहानशा गावी झाला. तरुणपणी तो खालच्या श्रेणीच्या धंदेवाईक संघांतून खेळला. हातात वेग होता, नेम बेताचा. युद्ध झाले नसते तर तो कदाचित आणखी चार-सहा वर्षे लहान गावांच्या मैदानांवर चेंडू टाकून मुकाट्याने दुसऱ्या एखाद्या धंद्यास लागला असता; असे हजारो पिचर अमेरिकेत होऊन गेले व त्यांची आठवण त्यांच्या नातवंडांपलीकडे कोणास नाही. १९४२ साली त्यास सैन्यात बोलावणे आले. तो वैमानिक झाला आणि इंग्लंडमधील तळावरून पी-३८ लाइटनिंग जातीचे लढाऊ विमान चालवू लागला.

२१ मे १९४४ रोजी तो आपल्या चौतिसाव्या मोहिमेवर निघाला. तळावर वैमानिकांनी बेसबॉलचा संघ उभारला होता आणि त्याच दिवशी दुपारी सामना होता. तोपर्यंत परत येऊ, असा त्याचा बेत. उत्तर जर्मनीतील लुडविग्सलुस्ट गावाजवळ एका विमानतळावर खालून हल्ला करीत असता जर्मन तोफांचे गोळे विमानास लागले. एक त्याच्या उजव्या पायातून गेला. त्याची शुद्ध हरपली, आणि विमान अतिशय वेगात शेतात जाऊन आपटले.

यापुढील प्रसंगाविषयी शेपर्डला स्वतःला काहीही ठाऊक नव्हते. पुढे एकोणपन्नास वर्षे ठाऊक नव्हते. परंतु वाचकांस तितका काळ ताटकळत ठेवण्याचे कारण नाही.

विमान पडले त्या ठिकाणी भोवतालच्या शेतांतील लोक धावत आले. त्यांच्या हाती शेतकामाची टोकदार अवजारे होती. त्यांच्या मनाची स्थिती आपण समजून घेतली पाहिजे. त्या वर्षांत त्यांच्या शहरांवर रात्रंदिवस आकाशातून बाँब पडत होते, आणि ते टाकणाऱ्यांपैकी एकजण आज त्यांच्या शेतात निपचित पडला होता. इतक्यात जर्मन हवाई दलातील एक डॉक्टर, लाडिस्लाउस लॉइडल, तेथे पोहोचले. त्यांच्याबरोबर सशस्त्र शिपाई होते. डॉक्टरांनी स्वतःचे पिस्तूल काढून जमावास मागे हटवले, जखमी वैमानिक तपासला, आणि त्यास विमानाच्या सांगाड्यातून काढून जवळच्या रुग्णालयात नेले. तेथील प्रमुखाने शत्रूच्या वैमानिकास आत घेण्याचे साफ नाकारले. तेव्हा डॉक्टर लॉइडल यांनी थेट बर्लिनला वरिष्ठ सेनाधिकाऱ्याशी दूरध्वनीवर बोलून तक्रार केली, दुसऱ्या रुग्णालयाची व्यवस्था करवून घेतली आणि रुग्णास तेथे पोहोचते केले. पाय वाचण्यासारखा नव्हता. तो कापावा लागला. माणूस वाचला.

आम्ही ही हकीकत वर्गात सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले की, शत्रूला वाचवल्याबद्दल डॉक्टरांना शिक्षा झाली नाही का. प्रश्न शहाणपणाचा आहे. पिस्तूल रोखण्याचे धाडस मोठे खरेच; परंतु आमच्या दृष्टीने त्याहून मोठे धाडस तो दूरध्वनी उचलण्यात होते. जमाव घटकाभरात पांगतो. वरिष्ठांकडे केलेली तक्रार मात्र कागदावर राहते, आणि त्या काळच्या जर्मनीत कोणत्या कागदाचा कोणता अर्थ लावला जाईल याचा भरवसा नव्हता. ज्यांनी सरकारी किंवा निमसरकारी कचेरीत काही वर्षे काढली आहेत अशा पालकांस हा भेद अधिक सांगावयास नको.

शेपर्ड शुद्धीवर आला तो जर्मन रुग्णालयात. पुढे त्यास युद्धकैद्यांच्या छावणीत नेण्यात आले. तेथे डॉन एरी नावाचा एक कॅनडियन कैदी होता. त्याने छावणीत जे साहित्य हाती लागले त्यातून शेपर्डसाठी एक पाय तयार केला. कैद्यांच्या छावणीत साहित्य ते काय असणार! पण तो पाय उभे राहण्याच्या कामाचा ठरला. शेपर्ड चालू लागला, आणि चालता येऊ लागताच कोणास तरी समोर उभे करून चेंडू फेकू लागला. वर्गातील आमच्या त्या विद्यार्थ्याने या ठिकाणी एकच चौकशी केली: "सर, त्यानं पट्टा कशाचा लावला होता?" आम्ही पाच मिनिटे एका परक्या कैद्याच्या सहृदयतेविषयी बोलत होतो, त्याचे सारे लक्ष पट्ट्याकडे होते, कारण पट्टा खराब असला म्हणजे मांडी सोलून निघते.

युद्धात दोन्ही पक्ष कायमच्या जायबंदी झालेल्या कैद्यांची अदलाबदल करीत. अशा एका अदलाबदलीत शेपर्ड सुटला आणि ग्रिप्सहोल्म या स्वीडिश जहाजाने १९४५ च्या फेब्रुवारीत स्वदेशी परतला. वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात तो चांगल्या कृत्रिम पायाची वाट पाहत होता, तेव्हा युद्धखात्याचे उपमंत्री रॉबर्ट पॅटरसन हे सुटून आलेल्या कैद्यांस भेटावयास आले. पुढे काय करण्याची इच्छा आहे, असे त्यांनी सहज विचारले. शेपर्डने सांगितले की, पुन्हा विमान चालवता आले तर चालवीन. ते न जमल्यास बेसबॉल खेळेन. पॅटरसनसाहेबांस नवल वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्यांनी वॉशिंग्टन संघाचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांच्याशी बोलून या तरुणास एकदा पाहावे अशी सूचना केली, आणि मार्चमध्ये शेपर्ड संघाच्या सरावास हजर झाला.

येथे आम्हांस थोडे कडू बोलणे भाग आहे. शेपर्डला त्या संघाने ठेवून घेतले त्यात दया किती, देशकार्य किती, आणि तिकिटांची विक्री किती, याचा हिशेब आज कोणी करू शकणार नाही. नामांकित खेळाडू बहुतेक सारे सैन्यात गेले होते आणि संघ कसेबसे उभे होते. त्याच वर्षी सेंट लुईसच्या संघातून पीट ग्रे हा एका हाताचा खेळाडू ७७ सामने खेळला. देशात हजारो जखमी सैनिक परत येत होते; त्यांस धीर यावा म्हणून शेपर्डची छायाचित्रे छापली गेली. त्यानेही ते मनापासून केले. आपल्यासारख्याच पाय गमावलेल्या सैनिकांसमोर जाऊन तो चालून दाखवी. परंतु संघात त्याचे नाव सराव घेणारा मदतनीस म्हणून. चेंडू टाकावयाचा तो सामन्यापूर्वी, आपल्याच खेळाडूंस सराव व्हावा म्हणून. मैदानावर रोज असावे, गणवेश अंगावर असावा, टाळ्याही पडाव्यात, आणि सामना सुरू होताच बाकावर जाऊन बसावे, ही स्थिती किती महिने सहन होते? १० जुलै रोजी युद्धनिधीसाठी ब्रुकलिनच्या संघाशी एक मैत्रीचा सामना झाला. त्यात त्यास पहिले चार डाव टाकावयास मिळाले आणि वॉशिंग्टनने तो सामना ४-३ असा जिंकला. परंतु मैत्रीचे सामने नोंदवहीत धरत नाहीत.

मग ४ ऑगस्टचा दिवस उजाडला. जपानवर अणुबाँब पडण्यास अजून दोन दिवस होते. वॉशिंग्टनचे एका दिवशी दोन-दोन सामने असे लागोपाठ चालले होते आणि पिचर थकून गेले होते. त्या दिवशीच्या दुसऱ्या सामन्यात बोस्टनच्या संघाने चौथ्या डावात असा काही मारा चालवला की, तो डाव संपेना. टॉम मॅकब्राइड या एकट्या खेळाडूने त्या एका डावात सहा धावा मिळवून दिल्या. एक पिचर काढून दुसरा आणला. हा दुसरा म्हणजे जो क्लिअरी, आयर्लंडमधील कॉर्क येथे जन्मलेला, मोठ्या श्रेणीतील पहिलाच सामना खेळणारा. त्याची तर दशाच झाली. त्याच्या नावावर सात धावा लागल्या आणि बाद झाला तो एकच गडी. व्यवस्थापक ऑसी ब्लूजी यांनी त्यासही परत बोलावले. बारा धावा झालेल्या, तीनही बेसवर बोस्टनचे गडी उभे, दोन बाद. आता कोणास पाठवावे? सामना तर गेलाच होता. ब्लूजींनी शेपर्डला खूण केली.

आम्हांस वाटते, या क्षणाचे वर्णन करताना अनेकांच्या लेखण्या जरा वाहवतात. वास्तविक तो मोठ्या विश्वासाचा क्षण नव्हता. हरलेल्या सामन्यात उरलेले डाव कोणीतरी टाकून संपवणे भाग होते, इतकेच. आमच्याकडेही सामना हातचा गेला की शेवटच्या दोन षटकांसाठी ज्याला कधी चेंडू मिळत नाही त्या मुलास बोलावतात. शेपर्डला हे कळत नसेल असे थोडेच आहे! परंतु तो गेला, उंचवट्यावर चढला, आणि समोर आलेल्या जॉर्ज मेटकोविच या फलंदाजास त्याने फटका न मारू देता बाद केले. डाव संपला. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

टाळ्या समजण्याजोग्या आहेत. पण खरी गोष्ट पुढे घडली, आणि तिच्याविषयी लोक कमी बोलतात. पाचवा डाव आला; शेपर्डच टाकीत होता. सहावा, सातवा, आठवा, नववा, शेपर्डच. ज्या फलंदाजांनी नुकत्याच बारा धावा कुटल्या होत्या त्यांस त्याच्या चेंडूंवर उरलेल्या साऱ्या सामन्यात तीन फटके मिळाले आणि एक धाव. त्याने एकास फुकट बेस दिला आणि दोघांस फटक्यावाचून बाद केले. कोणीही त्याची गय करीत नव्हते. नोंदवहीत धावा लिहिल्या जात असताना व्यवसायाने खेळणारा माणूस भूतदया दाखवीत नाही. वॉशिंग्टन १५-४ असे हरले.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक छोटे गणित देतो. पिचरची योग्यता मोजण्यासाठी त्याच्या चुकीने गेलेल्या धावांस नऊने गुणतात आणि टाकलेल्या डावांनी भागतात. उत्तर जितके लहान तितका पिचर चांगला. शेपर्डची धाव एक, डाव पाच पूर्णांक एक तृतीयांश. करून पाहा, उत्तर १.६९ च्या जवळ येते. हे कोणत्याही थोर पिचरास शोभेल असे आहे. आता बिचाऱ्या क्लिअरीचे करा: धावा सात, डाव एक तृतीयांश. उत्तर १८९. निदान एक गडी बाद केलेल्या पिचरांच्या इतिहासात याहून मोठा आकडा नाही. आणि मौजेची म्हणा, दुःखाची म्हणा, गोष्ट अशी की, त्या मैदानावर त्या दुपारी एकापाठोपाठ एक उंचवट्यावर चढलेल्या या दोघांचीही मोठ्या श्रेणीतील संपूर्ण कारकीर्द तेवढीच. क्लिअरीला पुन्हा बोलावले नाही. शेपर्डलाही नाही.

"का नाही?" हा प्रश्न वर्गात आमच्या त्याच विद्यार्थ्याने विचारला. त्यावर वर्गाच्या क्रिकेट संघाचा कर्णधार उठला. मुलगा समंजस आहे. तो म्हणाला की, वॉशिंग्टनचा संघ त्या वर्षी अजिंक्यपदाच्या शर्यतीत होता. अशा वेळी प्रत्येक सामना महत्त्वाचा. एका पायाच्या पिचरसमोर प्रतिपक्षाने चेंडू मुद्दाम हलकाच टेकवून पुढे ढकलला, तर त्याने धावत जाऊन तो उचलावा कसा? व्यवस्थापकाने धोका का पत्करावा? हे म्हणणे खोटे नाही. १९४५ साली वॉशिंग्टनचा संघ दुसरा आला, पहिल्या आलेल्या डेट्रॉइटपेक्षा केवळ दीड सामन्याने मागे. सामन्यांची निवड आमच्याही हाती असते, आणि ढाल पणास लागली असता मन कसे चालते हे आम्ही जाणतो. परंतु तो मुलगा खाली बसला नाही. "पण सर," तो म्हणाला, "दीड सामन्यानेच हरले ना? मग त्या दिवशी ज्याने सर्वांत चांगला चेंडू टाकला, त्याला आणखी एकदा देऊन बघायला काय झालं असतं?" वर्गात कोणी बोलले नाही. तास संपल्याची घंटा झाली. आमचा हा विद्यार्थी वर्गाच्या प्रत्येक सामन्यात गुणलेखक असतो आणि त्याचे अक्षर फार सुंदर आहे.

त्याच महिन्याच्या अखेरीस, न्यूयॉर्कच्या संघाशी झालेल्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, शेपर्डला मैदानावर बोलावून लष्करी वैमानिकांचे मानाचे पदक देण्यात आले. पदक दिले, चेंडू दिला नाही.

१९४६ साली सैन्यातून खेळाडू परतले आणि शेपर्डची रवानगी खालच्या श्रेणीत चॅटानूगाच्या संघाकडे झाली. पुढील वर्षे कष्टाची गेली. तोडलेल्या पायावर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. खेळण्याची ऐन उमेदीची वर्षे रुग्णालयांत गेली. १९४९ साली तो कनेक्टिकट प्रांतातील वॉटरबरीच्या लहान संघाचा व्यवस्थापक होता आणि स्वतःही खेळत होता. पुढेही काही वर्षे तो इकडेतिकडे खेळत राहिला, आणि अखेर खेळ सुटला. त्याने टंकलेखन यंत्रे विकली. नंतर एका विमान कंपनीत सुरक्षा अभियंता म्हणून नोकरी केली. बायकामुलांचा संसार केला.

माँटी स्ट्रॅटन नावाचा दुसरा एक पिचर होता. १९३८ साली शिकारीत अपघात होऊन त्याचाही पाय गेला, आणि १९४६ साली तोही खालच्या श्रेणीत पुन्हा खेळला. त्याच्यावर १९४९ साली हॉलिवुडने चित्रपट काढला व तो पुष्कळ चालला. स्ट्रॅटनची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. पण पाय गेल्यावर तो मोठ्या श्रेणीत खेळला नव्हता. खेळला होता तो शेपर्ड, आणि त्याचे नाव आज खुद्द अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींपैकीही थोड्यांसच आठवते. शेपर्डने मात्र खेळ सोडला तरी खेळणे सोडले नाही. त्याने गोल्फ हाती घेतला आणि हातपाय गमावलेल्या खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत १९६८ व १९७१ अशी दोनदा अजिंक्यपद मिळवले. कृत्रिम पायाचा घोटा नीट वळावा यासाठी त्याने स्वतः नव्या तऱ्हेच्या रचनेची खटपट केली. हे वाचून आमच्या विद्यार्थ्याचे समाधान झाले. पदकापेक्षा घोट्याची गोष्ट त्यास अधिक पटली.

राहता राहिले डॉक्टर. युद्धानंतर लॉइडल ऑस्ट्रियात राहिले. त्या शेतातून काढलेल्या वैमानिकाचे पुढे काय झाले, तो जगला की गेला, हा प्रश्न त्यांच्या मनात राहून गेला होता. हंगेरीत सुटीवर आलेल्या एका इंग्रज गृहस्थाशी त्यांची ओळख झाली, तेव्हा त्यांनी ही हकीकत त्यास सांगितली आणि शोध लागतो का पाहण्यास विनवले. त्या गृहस्थाने चिकाटीने चौकशी केली, आणि माणूस सापडला. १९९३ साली शेपर्ड अमेरिकेहून ऑस्ट्रियास गेला. तो तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. आपल्याला कोणी वाचवले, कोणत्या रुग्णालयाने दार लावले, कोणी बर्लिनला दूरध्वनी केला, हे त्याने त्या भेटीच्या निमित्ताने प्रथमच ऐकले. आपल्याला घेऊन गेलेला माणूस शत्रूच्या सैन्यातील कोणी अधिकारी असावा, यापलीकडे त्यास काही कल्पना नव्हती.

डॉक्टरांस तर आणखीच नवल वाटले असेल. त्यांनी मरणाच्या दारातील एक देह रुग्णालयाच्या स्वाधीन केला होता. तो देह पुढच्याच वर्षी हजारो लोकांसमोर उंचवट्यावर चढून पाच डाव आणि एक गडी इतका वेळ चेंडू टाकीत होता, हे त्यांनी कोठून जाणावे? ऑस्ट्रियात बेसबॉल कोण खेळतो! तो काय खेळ आहे, पिचर म्हणजे कोण, आणि पाय उचलून चेंडू कसा टाकतात, हे सारे त्यांस प्रथम समजावून द्यावे लागले असेल. जसे आम्हांस आमच्या वाचकांस द्यावे लागले. शेपर्ड १६ जून २००८ रोजी कॅलिफोर्नियात वारला. ज्या मैदानावर तो खेळला ते वॉशिंग्टनचे ग्रिफिथ मैदान १९६५ साली पाडण्यात आले. त्या जागी आता एका विद्यापीठाचे रुग्णालय आहे.